वर्गणीची वही कोणी लिहायची?

«बाई, आमच्या गावात एकोणीस वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरतेय. आमचे हे देवस्थान पंच कमिटीत आहेत. मुलगा बेळगावात कॉलेजला, शेवटच्या वर्षाला. घरटी वर्गणी ठरली त्या रात्री तो जेवता जेवता म्हणाला, ‘देवधर्म ही राजांनी आणि पुजाऱ्यांनी लोकांना लुबाडायला काढलेली युक्ती. आधी शेती आली, गावं आली, शहरं आली. देव मागनं आले.’ हे म्हणाले, ‘आधी देऊळ, मग गाव. धर्म नसता तर माणूस अजून झाडावर असता.’ पोरगा ताट तसंच ठेवून उठला. दहा दिवस झाले, दोघं माझ्या तोंडून बोलतात. ‘आप्पांना सांग’, ‘त्याला सांग’. त्यात वर्गणी, घराची रंगरंगोटी, पाहुणे धरून पैसे कमी पडतात म्हणून माझ्या पाटल्या सोसायटीत ठेवायचं चाललंय. तुम्ही शाळेत इतिहास शिकवलात. खरं कोण? आणि मी काय करू?»
एक आई, बेळगाव तालुका

ताई,

पाटल्यांकडे मी येणार आहेच. पण निवृत्त इतिहासाच्या बाईला ‘खरं कोण’ म्हणून विचारलंत, तेव्हा आधी थोडं ऐकून घ्यावं लागेल. चूक तुमचीच.

मुलाचा मुद्दा नवा नाही. शेतीत खाऊन उरेल इतकं धान्य पिकायला लागलं, त्या शिलकीवर स्वतः न राबता जगणारे लोक निर्माण झाले, त्यांतले काही राजे झाले, काही पुजारी, आणि मग देवळं उठली. असा क्रम गेल्या शतकात गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञानं मांडला. मीही तीस वर्षं फळ्यावर तोच लिहिला. शेती, बाण, शिल्लक, बाण, शहर, बाण, देऊळ. चार मार्कांना हमखास यायचं.

मग गोबेकली टेपेबद्दल वाचलं आणि माझे बाण वाकडे झाले.

तुर्कस्तानच्या आग्नेय कोपऱ्यात उर्फा नावाचं शहर आहे. त्याच्या जवळच्या एका टेकाडावर १९९५ साली क्लाऊस श्मिट या जर्मन संशोधकानं खणायला सुरुवात केली. गोबेकली टेपे म्हणजे ढेरपोटी टेकडी. आत निघाले इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे दगडी खांब, रिंगण करून उभे केलेले. त्यांतले मोठे साडेपाच मीटर उंच आणि दहा टनांच्या घरात वजनाचे. अंगावर कोल्हे, साप, विंचू, गिधाडं कोरलेली. काळ साधारण इ. स. पूर्व ९५००. म्हणजे पिरॅमिडांच्या सुमारे सात हजार वर्षं आधी. त्या लोकांकडे नांगरलेलं शेत नव्हतं आणि दावणीला जनावरही नव्हतं. हाडं सापडली ती हरणांची आणि रानबैलांची. राजाचा मागमूस नाही. तेव्हा मुलाला विचारा, इथं कोणत्या राजानं कुणाला लुबाडलं?

दहा टनांचा दगड हलवणं म्हणजे काय, हे तुमच्या ह्यांना समजावून सांगायला नको. रथ रुतला की काय होतं ते त्यांनी मागच्या यात्रेत पाहिलं असेल. दोन्ही दोरांना माणसं लागलेली असतात, अंगात जोर असतो, पण जो तो आपापल्या वेळी ओढतो आणि चाक जागचं हलत नाही. मग कुणीतरी आरोळी देतं, ‘उदं गं आई, उदं!’ आणि दोर एकदम ताठ होतो. ज्यांचं एकमेकांशी नातं नाही, ज्यांचं कालच बांधावरून भांडण झालंय, अशा माणसांनी एकाच क्षणी जोर लावायचा तर मधे काहीतरी लागतं. ते प्रत्येक वेळी देवच असतं असं मी म्हणणार नाही. पण जुन्या काळात बहुतेक वेळा तेच होतं, असं माझं मत आहे. यात्रेआधी तुमच्याकडे वार पाळतात ना? ठरलेल्या वारी सगळ्या गावाचं औत बंद. सरकारनं असा हुकूम काढला असता तर अर्धं गाव कोर्टात गेलं असतं.

श्मिटचं म्हणणं होतं, आधी देऊळ आलं आणि मग शहर. तुमच्या ह्यांचंच वाक्य, फक्त जर्मन माणसाच्या तोंडी. पण ह्यांना इतक्यात पेढे वाटू देऊ नका. श्मिट २०१४ साली वारले, त्यानंतरच्या खोदकामात तिथं राहायची घरं निघाली, पावसाचं पाणी साठवायची सोय निघाली. लोक नुसते पूजेपुरते जमून परतत होते, हे चित्र आता टिकत नाही.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. त्या टेकाडावर धान्य दळायचे-भरडायचे दगड सात हजारांहून जास्त सापडले आहेत. पाटे, वरवंटे, खल. आसपास उगवणारं रानटी गहू-जव त्यांवर भरडायचे. मोठाली दगडी कुंडंही आहेत. एकेकात दीडशे लिटरच्या वर मावेल अशी. आपल्या गुऱ्हाळातली काहील डोळ्यांपुढे आणा, तिची धाकटी बहीण म्हणा. त्यांत पेज शिजायची की दारू आंबायची, यावर वाद आहे. पण यात्रा होती आणि जेवणावळ होती, असं बरेच अभ्यासक मानतात. खांबांचे फोटो जगभर छापून आले. सात हजार दगडांचे मी तरी फार बघितले नाहीत. भरडणारे हात बायकांचेच होते, हे काही दगड सांगत नाहीत. मात्र यात्रेच्या तीन दिवसांत तुमच्या स्वयंपाकघरात किती शेर तांदूळ शिजणार आणि तुम्ही रथ बघायला किती मिनिटं बाहेर पडणार, याचा हिशेब करून बघा. मी दगडांच्या बाजूनं का बोलते ते कळेल.

काही अभ्यासक पुढे जाऊन म्हणतात की अशा जेवणावळींसाठी दरवर्षी धान्य लागायला लागलं म्हणूनच माणूस पेरू लागला. एका जुन्या गव्हाचं बी तिथून जवळच्याच काराजादा डोंगरातल्या रानगव्हाशी जुळतं, हे त्यांच्या बाजूचं. तसं असेल तर मुलाचा क्रम पुरता उलटा होतो. मला हे पटतं का? निम्मं.

आता ह्यांची पाळी. त्याच तुर्कस्तानात चाताल ह्युयुक नावाचं गाव होतं, इ. स. पूर्व ७१००च्या सुमाराचं. काही हजार माणसं, घराला घर चिकटलेलं, मधे गल्ली नाही, छपरावरून शिडीनं आत उतरायचं. इतक्या वर्षांच्या खोदकामात तिथं वेगळं देऊळ सापडलेलं नाही. म्हणजे धर्म नव्हता असं नाही. भिंतीत बैलाची शिंगं बसवलेली, झोपायच्या ओट्याखाली घरातली मेलेली माणसं पुरलेली. प्रत्येक घरच देऊळ, असं म्हणा हवं तर. पण ‘आधी देऊळ, मग गाव’ हे इथं लागू पडत नाही.

इतक्या लांब जायलाही नको. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८पासून पुढे पंधरा-एक वर्षं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं खणलं. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. तिथंही लहान मूल गेलं की दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडून पुरलेले आढळतात. गेलेला उठून चालू लागू नये म्हणून असावं. एका घरात मातीची लंबगोल डबी निघाली, तिच्यात बिनडोक्याची मातीची देवी आणि सोबत एक बैल. जेमतेम हातात मावेल एवढी देवी. आणि गावातलं सगळ्यात मोठं घर पाच खोल्यांचं, बहुधा गावच्या प्रमुखाचं. ते कशाशेजारी होतं? धान्याच्या कोठाराशेजारी. देवी डबीत आणि प्रमुख कोठारापाशी! मुलाला हे ऐकून आनंद होईल, होऊ द्या.

मोहेंजोदडोचं तर कोडंच आहे. इ. स. पूर्व २५००च्या आसपासचं एवढं मोठं शहर, एका मापाच्या विटा, झाकलेली गटारं. आपल्या बेळगावातल्या काही गल्ल्यांना अजून ती मिळायची आहेत. पण खात्रीनं देऊळ म्हणावं अशी एकही इमारत नाही, आणि राजवाडाही नाही. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद असं स्नानकुंड आहे. ते पवित्र होतं की नुसतं पोहायचं, कोण सांगणार? लिपी वाचता येत नाही.

ह्यांना पैकीच्या पैकी मार्क द्यायचे तर इराकच्या दक्षिणेतल्या एरिडूला जावं लागतं. तिथं देवळाखाली देऊळ, त्याखाली देऊळ असं खणत गेल्यावर तळाला एक खोली लागली, अवघी तीन-एक मीटर लांबीरुंदीची. त्याच जागी हजारो वर्षं मोठं, आणखी मोठं देऊळ होत गेलं, आणि त्यातल्या काही थरांत माशांची हाडं सापडली. पाण्याच्या देवाला दाखवलेला नैवेद्य. त्या खोलीभोवती गाव वाढलं, गावाचं शहर झालं.

म्हणजे एरिडूत देऊळ आधी, इनामगावात कोठार, मोहेंजोदडोत गटार. एकच क्रम सगळीकडे शोधायला गेलं की घोटाळा होतो. शहाण्यासुरत्यांचाही होतो. पाप-पुण्याचा हिशेब ठेवणारे मोठे देव मोठ्या राज्यांच्या मागून आले, असं आकडेवारीनं सिद्ध करणारा एक गाजलेला शोधनिबंध २०१९ साली निघाला होता. २०२१ साली तो मागे घ्यावा लागला. हा वाद तुमच्याकडे एका रात्रीच्या भाकरी-आमटीवर मिटावा अशी अपेक्षाच जास्त होती.

आपल्या मातीतलं एक सांगते, ते दोघांनाही पटेल. आपण शेतजमिनीला काळी म्हणतो आणि गावाच्या जागेला पांढरी. का? शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साठत जाते आणि जमीन पांढुरकी होते. खणणारे लोकही आधी पांढरीचं टेकाड शोधतात, खापरं वेचतात आणि मग कुदळ घालतात. आणि आपल्याकडे काळीही आई, पांढरीही आई. दोघींना नैवेद्य. चुलीच्या राखेतूनच देवी झाली. आधी कोण हे विचारायला तिथं फट राहत नाही.

आपलं बेळगाव घ्या. वडगाव-माधवपूरला पन्नासेक वर्षांपूर्वी खोदकाम झालं तेव्हा सातवाहनांच्या वेळच्या नगराचे अवशेष निघाले. तिथलाच ब्राह्मी लेखाचा एक दगडी खांब वैदिक यज्ञ केल्याचं सांगतो. मग हजार-बाराशे वर्षांनी रट्ट राजे आले. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन देऊळ, १२०४ सालची, चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. छताचं दगडी कमळ बघायला मुलांना नेलं की ती मान दुखेपर्यंत वर बघायची आणि मग वटवाघळं मोजायची. त्या वेळच्या शिलालेखांत या जिनालयाला दिलेली दानं नोंदली आहेत, आणि त्यात व्यापारीही आहेत. लाट म्हणजे गुजरातकडचे, मलयाळ देशाकडचे. वेणुग्राम हे नाव होतं, बाजार होता. देऊळ त्या बाजारात आलं. आणि आल्यावर त्यानं एक काम केलं: कुणी किती द्यायचं ते दगडावर कोरून ठेवलं. कानडी व्यापारी, गुजराती व्यापारी, मलयाळी व्यापारी, सगळ्यांना एकमेकांचा शब्द पटायला एक साक्षीदार मिळाला.

हलशी खानापूर तालुक्यात, तुमच्यापासून फार लांब नाही. कदंब राजांची ती पलाशिका. पाचव्या शतकातले त्यांचे ताम्रपट जिनालयाच्या दानाबद्दल बोलतात, आणि आज गावात उभं आहे ते भूवराह नरसिंहाचं देऊळ. राजे बदलले, देव बदलले, दान लिहून ठेवायची सवय मात्र सुटली नाही.

आणि इथंच मी मुलाच्या बाजूला सरकते. ज्या साक्षीदारानं बाजार जोडला त्यानंच काहींच्या गळ्यात दगडही बांधले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मराठी आणि कानडी माणूस एकाच रांगेत भंडारा उधळतो, हे मला फार आवडतं. सीमाप्रश्न तिथं पायथ्याशीच राहतो. पण त्याच यल्लम्माच्या नावानं गरीब घरच्या पोरी सोडल्या जायच्या आणि ते बंद करायला १९८२ साली कर्नाटकाला कायदा करावा लागला. तोही धर्मच होता. रथ कुठल्या गल्लीतून जातो आणि कुठल्या गल्लीच्या तोंडाशी वळतो, हे तुमच्या मुलानं लहानपणापासून पाहिलं असेल. ‘लुबाडायची युक्ती’ हा त्याचा शब्द रागाचा आहे, उगमाबद्दल चुकीचा आहे, पण त्याला दिसतंय ते खोटं नाही. ह्यांना एवढं तरी ऐकून घ्यायला लावा.

आता काय करायचं.

जगातलं सगळ्यात जुनं लिखाण कुठलं, हे मुलाला विचारा. इराकमधल्या उरुक शहरात, इनन्ना देवीच्या देवळाच्या आवारात, इ. स. पूर्व ३३००च्या सुमाराच्या हजारो मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांवर स्तोत्रं असतील असं वाटतं ना? बहुतेक पाट्यांवर हिशेब आहे. इतके जव आले, इतकी मेंढरं आली, अमक्याला इतकी दारू दिली. सोबत ओबडधोबड मातीचे वाडगे ढिगानं मिळतात, साच्यातून भराभर काढलेले. मजुरांना धान्य मोजून द्यायचं ते मापटं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. अक्षर जन्माला आलं ते देवीच्या वर्गणीच्या वहीत, ताई! ज्यानं ती पाटी लिहिली तो देवीचा किती भक्त होता, ठाऊक नाही. त्याला बेरीज येत होती.

तुमच्या पोरालाही येत असणार. तेव्हा त्याला देवीपुढे हात जोड म्हणू नका, वर्गणी मान्य कर म्हणू नका. यात्रेची वही लिही म्हणा. घरटी किती जमा, रथाच्या सुताराला किती, मंडपाला किती, लायटिंगला किती, शिल्लक किती. दर रविवारी देवळाच्या भिंतीवर कागद चिकटवायचा. जी घरं वर्गणी देऊ शकत नाहीत त्यांची नावं मात्र कागदावर घ्यायची नाहीत, ही अट त्यानंच कमिटीपुढे ठेवावी. कमिटीत कुणीतरी कुरकुरेल. कुरकुरणारा कोण ते ह्यांनी नीट लक्षात ठेवावं.

ह्यांच्याशी बोलताना धर्माचा विषय काढू नका. ‘पोरगं वही लिहायला तयार आहे, तुम्ही पंचांपुढे त्याचं नाव सुचवता का?’ एवढंच. बापाला मुलाचं नाव चार लोकांत घ्यायला मिळालं की निम्मा राग तिथंच जातो. माझा नवरा तसाच होता. आणि ‘त्याला सांग’ म्हणून पुन्हा निरोप आला तर पोचवू नका. भाजी निवडत बसा. दोघांनाही तोंड आहे.

पाटल्या ठेवू नका. वर्गणी हा गावाचा वाटा आहे, तो द्या. जमत नसेल तर दोन हप्त्यांत देतो म्हणून ह्यांनी स्वतः सांगावं, कमिटीतल्या माणसानं सांगितलं तर इतरांनाही धीर येईल. रंग यंदा फक्त पुढच्या भिंतीला. पाहुण्यांची यादी निम्मी करा. माहेरवाशिणी आणि सख्खे सोयरे एवढेच. मुलाच्या मित्रांना आणि ह्यांच्या ओळखीच्यांना दुसऱ्या दिवशी चहा-चिवडा. हलगी वाजली की चारशे माणसं जेवायला घालायची हौस ज्यांना आहे, त्यांनी रात्री दीड वाजता भांडी घासायलाही बसावं, हे तुम्ही दोघांनाही एकत्र बसवून सांगा. धर्म आधी की शेती आधी, यावर त्यांचं एकमत होवो न होवो, यावर व्हायला हवं.

वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ तुमच्या घरची असू द्या. रक्कम, तारीख, आणि नाव तुमचं घाला.